आठ मीटरचा चौक : सव्वीस वर्षांनी बेलापुरात

गुरुवार : नाशिक रोड ते ठाणे

निघताना आईने डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी भरून दिली आणि एकच काम सांगितलं. "चौकात पाणी तुंबतं का अजून, तेवढं बघून ये." घर कसं आहे, आता कोण राहतं, यातलं काही विचारलं नाही. गुडघ्यांमुळे तिला आता प्रवास झेपत नाही, नाहीतर माझ्या आधी तीच पिशवी भरून तयार झाली असती.

१९८७ ते १९९९, अशी बारा वर्षं आम्ही नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहिलो. बाबा कोकण भवनात नोकरीला होते. त्यांची नाशिकला बदली झाली तेव्हा घर विकलं, सामानाच्या ट्रकमागे एका जीपमध्ये आम्ही चौघं बसलो आणि त्यानंतर सात घरांच्या मधल्या त्या चौकात पाय ठेवला नाही. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, धाकटा भाऊ पंधराचा. पुढे तो नोकरीसाठी ठाण्यात आला, बेलापूर स्टेशनवरून तर शेकडो वेळा गेला असेल, पण आत वळला नाही. "एकट्याने नाही जाववत गं ताई," म्हणाला होता. बाबा जाऊन चार वर्षं झाली. या जूनमध्ये एकदाचं ठरवलं की दोघांनी मिळून जायचं.

सकाळची पंचवटी पकडली. इगतपुरीला ढग खिडकीपर्यंत उतरले होते आणि कसारा घाटात तर समोरच्या डोंगराचं फक्त पाणी दिसत होतं, डोंगर नाही. जूनचा तिसरा आठवडा हा या प्रवासाचा सगळ्यात सुंदर काळ. धबधबे नुकते सुटलेले असतात आणि पाणी अजून गढूळ असतं, मातीच्या रंगाचं.

ठाण्याला भाऊ प्लॅटफॉर्मवर उभाच होता. मला बघून हात न हलवता म्हणाला, "साहिब!" मी म्हणाले, "सिंध!" आणि मग दोघं एकदम, "सुलतान!" १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी याच ठाण्याला आली, तिला तीन इंजिनं होती आणि त्यांची ही नावं. लहानपणी ठाणे स्टेशनात पाऊल टाकलं की बाबा हा पाठ घ्यायचे. ज्याला आधी आठवेल त्याला लिमलेटची गोळी.

लहानपणी आमच्यासाठी ठाणं म्हणजे मोठं शहर. बेलापूरहून इथे यायला तेव्हा रेल्वे नव्हती. ठाणे-बेलापूर रस्त्याने बसमधून यायचं, दोन्ही बाजूंना कारखाने, आणि तुर्भ्याच्या पुढे काही ठिकाणी वास इतका उग्र की आई पदर नाकाला लावायला सांगायची. वर्षातून दोनदा तरी गडकरी रंगायतनला बालनाट्य, मग मासुंद्यावर, म्हणजे तलावपाळीला, भेळ, आणि शेवटच्या बसने परत.

दुपारी भावाने थेट मामलेदार मिसळीला नेलं. तहसील कचेरीच्या शेजारी म्हणून हे नाव. माझ्यासाठी मध्यम, त्याच्यासाठी तिखट. मध्यमनेसुद्धा कानातून धूर निघाला. पाऊस, लाकडी बाक, समोर लालभडक तर्री आणि शेजारी एक वकीलसाहेब काळा कोट मांडीवर घडी करून ठेवून शांतपणे घाम पुसत खात होते. संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारली, कौपीनेश्वराचं दर्शन घेतलं आणि भावाच्या घरी लवकर झोपलो. लवकर म्हणजे पडलो फक्त. रात्री एक वाजेपर्यंत आम्ही कागदावर घराचा नकाशा काढत होतो आणि भांडत होतो. तो म्हणे न्हाणीघराचं दार चौकाकडे होतं. मी म्हणे मागे.

*जाणाऱ्यांसाठी : ठाण्याहून बेलापूरला जायचं तर रविवार टाळा. हार्बर आणि ट्रान्सहार्बर या लोकलच्या मार्गांवर बऱ्याच रविवारी मेगाब्लॉक असतो. आम्ही गुरुवार ते शनिवार मुद्दाम निवडले.*

शुक्रवार : चौक

ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पनवेल लोकल पकडली. ही ट्रान्सहार्बर २००४ मध्ये सुरू झाली, आम्ही सोडून गेल्यानंतर पाच वर्षांनी. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. नावं सगळी ओळखीची, पण तेव्हा ती बसच्या पाटीवर होती. एका बाजूला पारसिकचा डोंगर हिरवा होत चाललेला, दुसऱ्या बाजूला उंच इमारती. भाऊ खिडकीशी बसून मला एकेक दाखवत होता आणि नेरूळ गेल्यावर एकदम गप्प झाला.

बेलापूर स्टेशन आमच्या डोळ्यांदेखत झालं. ९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून खाडी ओलांडून गाडी वाशीपर्यंत आली, तेव्हा बाबा आम्हाला मुद्दाम वाशीला घेऊन गेले होते, नुसतं बसून मानखुर्दला जाऊन परत यायला. खाडीच्या मध्यावर भाऊ रडायला लागला होता, त्याला वाटलं गाडी पाण्यावरून चाललीय. आता बेलापूरहून मेट्रोसुद्धा निघते, पेंधरपर्यंत. ती शनिवारसाठी राखून ठेवली.

रिक्षावाल्याला "आर्टिस्ट व्हिलेज, सेक्टर आठ" म्हटलं तर तो म्हणाला, "शूटिंग आहे का?" नाही म्हटलं. "मग कॉलेज?" तिथे बाहेरून येणारे बहुतेक आर्किटेक्चरची मुलं असतात, हे पुढे कळलं.

रिक्षातून उतरलो आणि पहिली पाच मिनिटं मला काहीच ओळखू येईना.

आमच्या आठवणीत होती ती चुन्याने रंगवलेली पांढरी घरं, मंगलोरी कौलांची उतरती छपरं, लाकडी खिडक्या, आणि प्रत्येक घराला मागे छोटंसं अंगण. आता दोन मजली, तीन मजली घरं, काचेच्या खिडक्या, कुणाचा दर्शनी भाग गुलाबी ग्रॅनाइटचा, कुणाच्या गच्चीवर पत्र्याची शेड. गल्ल्यांत गाड्या. मी डावीकडे बघतेय, उजवीकडे बघतेय. भाऊ मात्र खाली बघत होता. "ताई, इथे वळायचं," म्हणाला. "उतार बघ." खरंच, गल्लीची फरशी बदलली होती, पण पायाखालचा उतार तोच. सायकलचा ब्रेक जिथे दाबायचो तिथे आपोआप पावलं आखडली, आणि वळलो तर समोर चौक.

चौक तसाच्या तसा आहे.

म्हणजे सातही घरं बदलली आहेत, एक सोडून. मधली मोकळी जागा मात्र तशीच. कुणी तिच्यावर एक वीतही पुढे आलेलं नाही. एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन, दोन स्कूटर, दोरीवर घाईने ओढून ठेवलेले अर्धे ओले कपडे. आणि मधोमध रेनकोट घातलेल्या दोन मुली मोजपट्टी घेऊन ओणव्या झालेल्या. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहेत म्हणाल्या. मोजायला माणूस कमी पडत होता, म्हणून भावाने टेपचं एक टोक धरलं.

"आठ मीटर," ती मुलगी म्हणाली.

"पूर्ण?" भावाने विचारलं. "हे सगळं आठच मीटर?"

आठ बाय आठ. याच जागेत आम्ही क्रिकेट खेळलो, गणपतीची आरास केली, एका मुलीचं केळवण केलं, पाच पाट्यांवर पापड वाळत घातले. भिंतीला थेट चेंडू लागला की बाद, एक टप्पा घेऊन लागला की दोन धावा. भावाला ती जागा निदान बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी आठवत होती. टेप गुंडाळली गेल्यावरही तो टोक धरून उभाच होता.

त्या मुलींकडून मला माझ्याच घराबद्दल जे कळलं ते बारा वर्षं राहून कळलं नव्हतं. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ च्या दरम्यान सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, ही वसाहत आखली, एवढं ठाऊक होतं. बाबा "कोरियासाहेबांचं घर" असंच म्हणायचे. पण सात घरांचा एक चौक, असे तीन चौक मिळून एकवीस घरांना आणखी एक मोठी मोकळी जागा, बारा मीटरची, आणि ती साखळी पुढे मोठी होत जाते, हे आज समजलं. आम्ही ज्याला "मोठा चौक" म्हणायचो आणि जिथे खेळायला मोठ्या मुलांची परवानगी लागायची, तो हा बारा मीटरचा. भूखंड लहानात लहान पंचेचाळीस चौरस मीटरचा आणि मोठ्यात मोठा पंचाहत्तरचा, म्हणजे कमी पगाराचं आणि बऱ्या पगाराचं घर यांत फार अंतरच ठेवलं नव्हतं. आमच्या चौकात एक नर्स, एक एसटीचे ड्रायव्हर, दोन शिक्षक, एक बँकेतले काका, एक मूर्तिकार आणि आम्ही. सगळ्यांची दारं सारख्याच अंतरावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ते दुसऱ्या मुलीने सांगितलं. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. का, तर प्रत्येकाला आपलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावं, बदलता यावं म्हणून. कोरियांना घरं बदलायलाच हवी होती.

मी गेला अर्धा तास मनातल्या मनात त्या गुलाबी ग्रॅनाइटवर चिडले होते. हे ऐकल्यावर एकदम आठवलं की या चौकात पहिली भिंत पाडली ती आमच्या बाबांनी. १९९१ च्या उन्हाळ्यात. आजी कायमची राहायला येणार म्हणून मागच्या अंगणात दहा बाय नऊची खोली काढली होती, शाहबाज गावातल्या एका गवंड्याला हाताशी घेऊन. आई महिनाभर अंगण गेलं म्हणून हळहळत होती.

*जाणाऱ्यांसाठी : हे प्रेक्षणीय स्थळ नाही, लोकांची राहती घरं आहेत. चौकात शिरताना जो कुणी दिसेल त्याला आधी विचारा, फोटो काढण्याआधी पुन्हा विचारा. दुपारी दोन ते चार जाऊ नका. विचारल्यावर आम्हाला एकाही घराने नाही म्हटलं नाही. स्टेशनहून रिक्षा मीटरने येते.*

आमचं घर आता तीन मजली आहे. बेल वाजवायची हिंमत मला होईना, भावाने वाजवली. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईंनी. मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते, पण तोंडातून निघालं, "आम्ही इथे राहायचो." त्या दोन क्षण बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आत या की. भिजताय कशाला?"

मूळच्या सोलापूरच्या. त्यांनी २००८ मध्ये हे घर घेतलं, आमच्यानंतरच्या मालकांकडून. कौलं गळायची, लाकडाला वाळवी लागली होती, म्हणून २०१२ मध्ये पुढचं सगळं उतरवून नवीन बांधलं. सांगताना त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "बरं केलंत. आमच्या वेळेलाही गळायची. आई पाच ठिकाणी पातेली मांडायची." चहा आला, सोबत कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाची चटणी. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा दाराआडून आम्हाला निरखत होता.

"मागची खोली तेवढी ठेवली आम्ही," त्या म्हणाल्या. "स्लॅबची होती, मजबूत. पाडायला गवंडीच नको म्हणाला."

मी आणि भावाने एकमेकांकडे बघितलं.

कोरियासाहेबांनी काढलेलं सगळं गेलं होतं आणि बाबांची खोली उभी होती. आजीची खोली. दार तेच नव्हतं, रंग तो नव्हता, पण कडप्प्याची मांडणी तशीच, आणि खाली चायना मोझॅक. नवीन लाद्यांना पैसे पुरले नव्हते, म्हणून बाबांनी कुठून तरी फुटक्या लाद्यांची दोन पोती आणली होती. गवंडी ओल्या सिमेंटवर तुकडे मांडत होता आणि आम्हा दोघांना त्याने एकेक कोपरा दिला होता, "तुमी लावा पोरांनू" म्हणून. माझ्या कोपऱ्यात मी आईच्या फुटलेल्या बशीची कड लावली होती. पांढरी, वर निळं फूल, अर्धंच.

ती आहे. गुडघ्यांवर बसून मी बोट फिरवलं. फुलाच्या तीन पाकळ्या पूर्ण, चौथी सिमेंटखाली. कडेचा सोनेरी दोरा पुसून गेलाय. बोटाला अजून ती बारीक गोलाई लागते, बाकी सगळी लादी सपाट आणि तेवढीच जागा किंचित उचललेली. आजी अनवाणी चालताना तिथे पाय अडायचा तिचा, आणि ती म्हणायची, "ही आली नातीची बशी."

"आम्हाला कायम प्रश्न पडायचा," सोलापूरच्या ताई म्हणाल्या, "की फरशीत बशी कशी आली."

"तो माझा पेट्रोल पंप आहे," मुलगा पहिल्यांदाच बोलला, आणि त्याने एक लाल गाडी आणून बरोबर त्या निळ्या फुलावर उभी केली.

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला बराच वेळ. तिथून न्हाणीघराचं दार दिसायचं, ते कुठे होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आमचं भांडण न मिटलेलंच राहिलं.

चौकात एकच घर जुनं आहे म्हटलं ते समोरचं, काकूंचं. नर्स होत्या त्या. आता सत्त्याहत्तर वर्षांच्या. काका गेले, मुलगा पुण्यात, काकू एकट्या राहतात आणि कौलं बदलू देत नाहीत. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, भावाचा कान धरला आणि म्हणाल्या, "माझी खिडकीची काच कधी भरून देतोस?" १९९६ ची काच. नंतर मला जवळ घेतलं आणि किती वेळ सोडलंच नाही.

आमचा बेत संध्याकाळी ठाण्याला परतायचा होता. काकूंनी तो ऐकूनही घेतला नाही. "शेवळं आणलीत सकाळी. आज तुम्ही दोघं इथेच."

शेवळं ज्यांनी खाल्ली नसतील त्यांना कसं सांगावं. पहिल्या पावसात डोंगरात जमिनीतून कोंब वर येतात, जांभळट तपकिरी, वरून गुंडाळलेले. कातकरी बायका जुड्या बांधून सकाळी बाजारात बसतात आणि त्यांच्याकडेच काकडं मिळतात, आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं. शेवळांना खाज असते, ती काकडांनी मरते, म्हणून दोन्ही एकत्रच घ्यायची. काकू पेणच्या, त्यांचा हात यात बसलेला. वरचं आवरण सोललं, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग मोडून वेगळा टाकला ("हा राहिला की घसा धरतो, विसरू नकोस"), बाकीचं बारीक चिरलं, तेलात चांगलं परतलं, काकडं ठेचून त्यांचा रस घातला. मग भिजवलेले सोडे, कांदा, वाटण. मासेमारी बंद असल्यामुळे ताजी मासळी कमी, सोड्यांचा हा खरा मोसम. तांदळाच्या भाकरीबरोबर मी तीन वेळा वाढून घेतलं. भाऊ, ज्याला लहानपणी हा वाससुद्धा चालायचा नाही, त्याने कढई पुसून खाल्ली.

जेवताना आईला व्हिडिओ कॉल लावला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना बघून आधी काही बोलल्याच नाहीत. मग काकू म्हणाल्या, "वाळलीस गं." आई म्हणाली, "तुझी कौलं आहेत?" काकूंनी फोन उलटा करून छताला दाखवला. पाऊस त्याच वेळी वाढला आणि कौलांवरचा तो आवाज फोनमधून नाशिकला गेला. स्लॅबवर पाऊस पडतो तो कळतही नाही. कौलांवर तो आधी दूरच्या घरावर येतो, मग आपल्या वळचणीला, मग डोक्यावर. आईने डोळे मिटले होते. घर दाखवू का विचारलं तर म्हणाली, "नको. अजून थोडा वेळ हेच ऐकू दे."

रात्री तीनला तहान लागली म्हणून उठले. वीज गेली होती. मला दिव्याची गरज वाटली नाही, कारण या घराची आणि आमच्या घराची आखणी एकच. उठून सरळ चालत गेले, पोटमाळ्याच्या जिन्याजवळून माठासाठी उजवीकडे हात लांबवला आणि भिंतीवर आपटले. काकूंचं घर आमच्या घराच्या उलटं आहे, आरशात दिसावं तसं. हे मी पार विसरले होते.

अंधारातून काकूंचा आवाज आला, "डावीकडे गं. उजवीकडे तुमच्याकडे होता माठ."

शनिवार : डोंगर, किल्ला आणि जाळी

पहाटे सहाला पाऊस थांबला. भाऊ आणि मी डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो. वसाहतीच्या मागेच पारसिकचा डोंगर सुरू होतो आणि पावसाळ्यात त्यावरून ओहोळ आणि छोटे धबधबे उतरतात. लहानपणी आमचा पूर्ण जूनजुलै तिथे जायचा. आता पावसाळ्यात वर जायला बंदी असते आणि ती योग्य आहे. तिथले दगड शेवाळलेले असतात, पाणी एकदम वाढतं आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. आम्ही पायथ्याशी उभं राहून फक्त आवाज ऐकला. झाडीत टाकळा उगवला होता, भावाने मूठभर खुडून काकूंसाठी घेतला.

*जाणाऱ्यांसाठी : पावसाळ्यात गेलात तर छत्रीपेक्षा रेनकोट आणि पकड असलेल्या चपला. रानभाज्या हव्या असतील तर सकाळी आठच्या आत बाजार गाठा. धबधब्यावर कुणी "चला, काही होत नाही" म्हणालं तरी जाऊ नका.*

मग किल्ले गावठाण. बेलापूरचा किल्ला म्हणजे आता झाडांत उभा असलेला बुरूज आणि थोडी पडझड. पूर्वी सिद्दीचा, मग पोर्तुगीजांचा आणि चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी जिंकलेला. शाळेची सहल इथे यायची, अर्ध्या तासात संपायची. गावठाणात एका ओट्यावर बसलेल्या आजींना रस्ता विचारला. त्यांनी रस्ता सांगितला नाही, आधी आम्ही कोण ते विचारलं. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहायचो म्हटल्यावर म्हणाल्या, "आमी तवा तुमच्या घरांना म्हावरा घेऊन यायचो डोक्यावर. तुमची आय कोनची? जी घासाघीस करायची नाय ती का?" आमची आई भरपूर घासाघीस करायची. पण मी हो म्हणाले, कारण आजी इतक्या आनंदाने विचारत होत्या. त्यांच्या घराण्याची भातशेती नवीन शहरासाठी गेली. सिडको १९७० मध्ये आली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर वसलं. आम्हाला ज्या जागेने बालपण दिलं, ती आधी कुणाची तरी आवणीची जागा होती, हे बाबा आम्हाला सांगायचे. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील, त्यांच्या आंदोलनाबद्दलही सांगायचे, ८४ साली जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यानंतरच साडेबारा टक्के जमीन परत देण्याची गोष्ट पुढे आली. आजींनी त्यातलं काही काढलं नाही. त्यांनी आम्हाला वाटीभर सुकट बांधून दिली.

मेट्रोने पेंधरपर्यंत जाऊन आलो. गाडी स्वच्छ आणि रिकामी होती, खारघरचा डोंगर जवळून दिसतो, तेवढ्यासाठी नक्की बसा.

दुपारी निरोप घ्यायला काकूंकडे परतलो तर आभाळ फाटल्यासारखा पाऊस. दहा मिनिटांत चौकात घोट्याएवढं पाणी झालं. मग पोटरीला लागलं. काकूंच्या उंबऱ्याच्या एक बोट खाली. मला आईचं काम आठवलं आणि मी दारातूनच तिला फोन लावला.

"तुंबतंय," मी कॅमेरा चौकाकडे वळवून म्हटलं.

"तुळशीच्या मागच्या कोपऱ्यात बघा," आई लगेच म्हणाली. "जाळी असेल. पानं अडकली असतील."

सव्वीस वर्षांत सहा घरं बदलली, चौकाची फरशी दोनदा नवी झाली, पण पाणी अजून त्याच कोपऱ्याकडे धावतं. भाऊ पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला, तुळशीमागे ओणवा झाला आणि खांद्यापर्यंत हात खाली घातला. आधी पानांचा लगदा निघाला. मग एक वीट. मग गोणपाटाचा बोळा.

"काका!" समोरच्या तीन मजली घरातून ओरडत सोलापूरच्या ताईंचा मुलगा पावसात धावत आला, हातात थर्माकोलची होडी. "काका, ते काढू नका! आम्ही मुद्दाम लावलंय!"

भाऊ तसाच ओणवा थांबला. माझ्याकडे बघितलं, काकूंच्या उंबऱ्याकडे बघितलं, अजून एक बोट जागा होती. त्याने वीट बाजूला ठेवली, गोणपाट नीट पिळलं, घडी केली आणि मुलाला जवळ बोलावलं. "विटेने पाणी झिरपतं," तो म्हणाला. "नुसतं पोतं लाव, असं, कडेकडेने दाबून. आणि काकूंच्या पायरीला पाणी लागलं की लगेच काढायचं. समजलं?"

मुलाने मान हलवली. दोघांनी मिळून पोतं बसवलं. होडी सुटली.

"काय चाललंय तिकडे?" आई फोनवरून विचारत होती. "कोणाचा गं तो मुलगा?"

"आपल्या घरातला," मी म्हटलं.

"भिजलाय बघ किती. डोकं पुसायला सांग त्याला."